मास्क धुतल्यावर चेहरा उजळतो, तो कशामुळं आणि किती वेळ?

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरात लग्नसराई सुरू होते. महाद्वार रोडवर बस्त्याची गर्दी, राजारामपुरीतल्या पार्लरमध्ये आठवडे आधी नंबर लावलेले आणि घरोघरी वाट्यांमधून कालवलेले लेप. पूर्वी हळद, डाळीचं पीठ आणि साय एवढ्यावर भागायचं. आता मोबाईलवर रोज नवा उपाय येतो. कॉफी, टोमॅटो, तांदळाचं पाणी, लिंबू आणि खायचा सोडा, कोळशाचा मास्क, कोरियन शीट मास्क. मी इथल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्वचेचा धडा निघाला की मुली वही मिटून त्यांचे खरे प्रश्न विचारतात. त्यातला एक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: "मॅडम, मास्क धुतला की चेहरा खरंच उजळ दिसतो. मग दुसऱ्या दिवशी परत होता तसाच का होतो?"

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर कुठला लेप लावावा आणि कुठला टाळावा हे बरंचसं आपलं आपल्यालाच ठरवता येतं. आणि जी क्रीम चेहरा दुसऱ्या दिवशीही पांढराच ठेवते, तिची भीती का बाळगायची, हेही कळतं.

रंग तयार होतो कुठं?

त्वचेचा सगळ्यांत वरचा, हाताला लागणारा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्याच्या खाली जिवंत पेशींचे थर, आणि त्यांच्या अगदी तळाच्या रांगेत नव्या पेशी जन्माला येतात. त्या हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या होतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. तरुणपणी या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्त.

याच तळाच्या रांगेत अधूनमधून वेगळ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना रंगपेशी म्हणू. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात, त्याच्या बारीक पुड्या बांधतात आणि आपल्या लांब फांद्यांमधून शेजारच्या पेशींना देतात. एक रंगपेशी पस्तीसेक पेशींना हा पुरवठा करते. पुड्या मिळालेल्या पेशी त्या आपल्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला रचून ठेवतात, कारण केंद्रकात आपला डीएनए असतो आणि उन्हातले अतिनील किरण त्याची मोडतोड करतात. तेव्हा त्वचेतला काळसरपणा हा मळ नाही, तो कसला दोषही नाही. डीएनएवर धरलेलं ते संरक्षण आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांत त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी होतो, तो याच कारणानं.

मुलींना हे सांगितलं की वर्गात क्षणभर शांतता पसरते. कारण पुढची गोष्ट त्यांनी कधी ऐकलेली नसते: अगदी गोऱ्या आणि अगदी काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो पुड्या किती, केवढ्या आणि किती लवकर विरघळतात यात. तो बहुतांशी आईबापांकडून येतो.

या मूळ रंगावर आयुष्यभर भर पडत जाते. ऊन, दाह आणि संप्रेरकं या तीन कारणांनी रंगपेशी जास्त काम करू लागतात. दाह म्हणजे पुरळ, खरचटणं, भाजणं, ॲलर्जी यांमुळं होणारी जळजळ. संप्रेरकं म्हणजे शरीरातले हार्मोन्स. आपला मूळ रंग कोणता हे बघायचं असेल तर दंडाची आतली, काखेकडची बाजू बघा. तिथं ऊन लागत नाही. चेहरा त्या रंगापर्यंत परत आणता येतो. त्याच्यापेक्षा गोरं करण्याचा सुरक्षित उपाय आजघडीला कुणाकडेही नाही.

मग मास्क करतो तरी काय?

कांदाभजी बांधून आणलेला कागद आठवा. कोरडा कागद अपारदर्शक, फिकट दिसतो, कारण त्याच्या धाग्यांमध्ये हवा असते आणि प्रकाश त्या फटींवर आपटून वाट्टेल तसा उधळतो. तेल लागलं की त्या फटी भरतात आणि कागद झिरझिरीत होतो, त्यातून पलीकडचं दिसायला लागतं. कोरड्या चेहऱ्यावरच्या मेलेल्या पेशींचंही असंच होतं. त्यांच्या कडा उचलल्या जातात, मध्ये हवा शिरते, प्रकाश विखुरतो आणि चेहरा राखाडी, निस्तेज वाटतो. कुठलाही ओला लेप वीस मिनिटं ठेवला की त्या पेशी पाणी पितात, फुगतात, कडा खाली बसतात. प्रकाश एकसारखा परततो. चेहरा तुकतुकीत दिसतो.

ही चमक खोटी नाही. तुम्ही आरशात बघता ते खरंच घडलेलं असतं. फक्त ते सगळं त्या शंभराव्या भागाएवढ्या पापुद्र्यात घडलेलं असतं, आणि काही तासांत पाणी उडून गेलं की संपतं. तळाच्या रांगेतल्या रंगपेशींना त्याची गंधवार्ताही नसते.

लेप चोळून काढताना सुटत आलेल्या मेलेल्या पेशी निघून जातात. मसाजनं रक्तप्रवाह वाढतो आणि गालांवर थोडी लाली येते. मुलतानी माती तेल शोषून घेते. पार्लरमधलं ब्लीच तर त्वचेचा रंग बदलतच नाही. त्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडनं चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी होते आणि सावली गेल्यासारखा चेहरा उजळ भासतो. शीट मास्क हे या सगळ्यात सरळ प्रकरण आहे. ओल्या कापडानं पंधरा-वीस मिनिटं बाष्पीभवन थांबवायचं आणि पाणी मुरू द्यायचं. तो चेहऱ्यावर सुकेपर्यंत ठेवण्यात काही फायदा नाही.

"कोलॅजेन मास्क" म्हणून जे महागडं विकलं जातं त्याबद्दल इथंच सांगते. त्वचेतून आत जायला रेणू लहान लागतो. औषधशास्त्रात वजनाच्या हिशेबात ५०० डाल्टन ही ढोबळ मर्यादा मानतात. डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक. कोलॅजेनचा अखंड रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा असतो. तो वरच राहतो आणि धुऊन जातो. तेवढ्या पैशात चांगलं सनस्क्रीन येईल.

स्वयंपाकघरातलं काय चालतं?

डाळीचं किंवा मसुरीचं पीठ तेल टिपतं आणि हलक्या हातानं लावलं तर मेलेल्या पेशी काढतं. साबणापेक्षा ते त्वचेला सौम्य पडतं. दिवाळीचं उटणं याच जातीचं. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद यांचा वास आणि आधी जिरवलेलं तेल यांनी अभ्यंगस्नान सुखाचं होतं. ते जरूर करा. फक्त भरड उटणं चेहऱ्यावर घासू नका.

दह्यात लॅक्टिक आम्ल असतं. हे आम्ल मेलेल्या पेशींमधला चिकटा सैल करतं आणि त्वचारोगतज्ज्ञही ते वापरतात. दह्यात ते जेमतेम एक टक्क्याच्या आसपास, म्हणून परिणाम हलका. पण दह्याच्या लेपामागं खरं शास्त्र आहे हे मान्य करायला हवं. नुसत्या दुधात ते आम्ल नसतं. गंगावेशीत कट्ट्यावर पिळून मिळणारं धारोष्ण दूध चेहऱ्याला लावलं तर अधिक गुण येतो, असं मला मुलींनी सांगितलंय. तसं होण्याचं काही कारण नाही, आणि न तापवलेल्या दुधात जंतू असू शकतात. पुरळ फोडलेल्या चेहऱ्यावर ते नकोच. साय वेगळी. तिच्यातल्या स्निग्धांशामुळं थंडीत फुटलेल्या गालांतलं पाणी उडत नाही. मात्र ज्यांचा चेहरा आधीच तेलकट आणि पुरळ असलेला आहे त्यांनी सायीपासून लांब राहावं.

मध पाणी धरून ठेवतो. कोरफडीचा गर थंडावा देतो, पण पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्यायचा, कारण तो चीक खाजवतो. काकडी म्हणजे पाणी. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा ठीक आहे, तडे जाईपर्यंत सुकवू नये. कोरड्या त्वचेला ती अजिबात लावू नये.

हळदीवर थोडं थांबायला हवं, कारण सांगलीची हळद आपल्या शेजारची आणि तिच्यावर आपला जीव. हळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. प्रयोगशाळेत ते दाह कमी करतं असं दिसलंय. पण हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के, पाण्यात जवळपास न विरघळणारं आणि उजेडात लवकर नासणारं. वाटीत पाण्यात कालवलेल्या हळदीतून त्वचेच्या आत फार थोडं जातं. चेहऱ्यावर दिसणारी सोनेरी झाक ही बऱ्याच अंशी हळदीचा डागच असतो. दोन दिवसांत तो उतरतो. चिमूटभर हळदीनं बहुतेकांना काही होत नाही, काहींना मात्र तिची ॲलर्जी असते. आणि भेसळ हा खरा प्रश्न आहे. रंग खुलवण्यासाठी सुट्या हळद पावडरीत शिसं असलेला पिवळा रंग मिसळल्याची उदाहरणं सापडलेली आहेत. ती हळद तोंडावर लागते त्यापेक्षा पोटात जाते हे जास्त घातक, म्हणून हळकुंडं आणून दळून घेणं दोन्हींसाठी बरं.

वांगावर, म्हणजे गालांवरच्या तपकिरी डागांवर, जायफळ दुधात उगाळून लावायची पद्धत आपल्याकडं घरोघर आहे. जायफळातलं तेल काहींना झोंबतं. झोंबलं की दाह, आणि दाह झाला की डाग आणखी गडद. ज्यांना झोंबत नाही त्यांना त्यानं निदान अपाय नाही, पण वांग त्यानं जात नाही.

लिंबू आणि सोडा इतके वाईट का?

मला जर मोबाईलवरचा एकच उपाय बंद करता आला, तर मी हा करीन.

आपल्या त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. सामू म्हणजे आम्लता मोजायची पट्टी. ७ म्हणजे शुद्ध पाणी, त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. ही सौम्य आम्लता त्वचेचा बांध टिकवते आणि जंतूंना आवरते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५. ही पट्टी अशी आहे की एक अंक उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे लिंबाचा रस त्वचेपेक्षा शेकडो पट आम्ल. खायच्या सोड्याचा सामू ८ च्या वर. आधी एक आणि मग दुसरं, किंवा दोन्ही फसफसवून एकत्र लावायचं, यानं त्वचेचा बांध फुटतो. चुरचुरणं म्हणजे "काम करतंय" असं मुलींना सांगितलं जातं. चुरचुरणं म्हणजे इजा होत आहे.

लिंबाचा याहून मोठा धोका उन्हात दिसतो. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन गटातली द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना अतिनील किरण पडले की त्वचा अक्षरशः भाजते. लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात आणि त्यानंतर काळे ओघळ उमटतात. ते महिनोन् महिने जात नाहीत. सकाळी लिंबू लावून गाडीवरून कॉलेजला आलेल्या मुलीच्या गालावर मी हे बघितलंय. उजळायला लावलेलं लिंबू तिला काळा डाग देऊन गेलं.

सावळ्या त्वचेचं हे वैशिष्ट्य प्रत्येकानं लक्षात ठेवावं. आपली त्वचा कसल्याही इजेला काळा डाग सोडून उत्तर देते. पुरळ फोडलं, साखर-कॉफीनं घासलं, मुरुमावर टूथपेस्ट लावून भाजलं, की पुरळ जातं आणि डाग राहतो. चेहऱ्यावर जितकं कमी झगडाल तितका तो एकसारखा राहील.

"पण आमच्या आज्जीच्या वेळेपासून नवरीला महिनाभर लेप लावतात, आणि ती उजळतेच की"

उजळते, हे मी स्वतः पाहिलंय आणि नाकारत नाही. पण त्या महिन्यात आणखी काय घडतं ते बघा. लग्न ठरलेल्या मुलीला शेतावर पाठवत नाहीत. उन्हात वाळवणं घालायला लावत नाहीत. केळवणं सुरू होतात, ती सावलीत बसते, चांगलं खाते. हळद लागल्यावर तर तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. उन्हानं रापलेल्या पेशी चार ते सहा आठवड्यांत वर येऊन गळून जातात आणि ऊन नसल्यानं नव्या पेशींत जादा रंग भरला जात नाही. म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूचा रंग चेहऱ्यावर परत येतो. श्रेय मिळतं लेपाला. काम केलेलं असतं सावलीनं.

ही प्रथा मला फार शहाणी वाटते. फक्त तिच्यातला गुणकारी भाग कोणता हे कळलं, तर तो लग्न नसतानाही वापरता येतो.

"आणि पैलवानांची कातडी? ती तर मातीनंच चमकते"

तालमीच्या तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. ती माती मऊ राहावी, अंगाला बोचू नये, म्हणून ही सगळी निगा. पैलवानाच्या अंगावरचं तेज तेलमालीश, घाम गाळणारी मेहनत, खुराक आणि झोप यांचं आहे. त्याच पैलवानांमध्ये गजकर्ण आणि नायट्यासारखे बुरशीचे आजार अंगाला अंग लागून पसरतात, हेही डॉक्टर जाणतात. तेव्हा आखाड्याची माती आखाड्यात.

"नैसर्गिक आहे, त्यानं अपाय कसा होईल?"

बिब्बा नैसर्गिकच आहे. त्याचं तेल कातडीला लागलं तर काय होतं हे गावाकडच्या कुणालाही विचारा. पारा आणि शिसंही जमिनीतूनच येतात. वस्तू कुठून आली यावरून ती सौम्य की जहाल हे ठरत नाही. किती, कशावर, किती वेळ आणि उन्हात की सावलीत, यावरून ठरतं.

उलट बाजूही तितकीच खरी. "केमिकल" म्हणून ज्याला आपण घाबरतो त्यातलं बरंचसं झाडापेडांतून आणि आंबवण्यातूनच सापडलेलं आहे. त्वचारोगतज्ज्ञ पीलिंगसाठी वापरतात ते ग्लायकोलिक आम्ल आपल्या उसात असतं, फक्त बाजारात येणारं बहुतेक कारखान्यात बनवलेलं असतं. म्हणून उसाचा रस किंवा गूळ तोंडाला चोळून तो परिणाम मिळणार नाही. रसात ते अगदी थोडं असतं आणि गुळाच्या कणांनी खरचटतं तेवढं. कोजिक आम्ल बुरशीपासून मिळतं, जपानमध्ये तांदूळ आंबवायला वापरतात त्या जातीच्या. घरच्या वाटीत आणि डॉक्टरच्या ट्यूबमध्ये फरक असतो तो मोजमापाचा आणि शुद्धतेचा.

झटपट गोरं करणारी क्रीम

आता सगळ्यांत गंभीर भाग. दोन आठवड्यांत चेहरा दिसण्याइतका गोरा झाला, तर तुमच्या हातात बहुधा सौंदर्यप्रसाधन नसून औषध किंवा विष आहे.

विष म्हणजे पारा. मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, पारा बंद पाडतो, म्हणून चेहरा झपाट्यानं उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी राज्यभर वाचली गेली. एकाच घरातल्या मायलेकी मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी पडल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधताना माग एका क्रीमपर्यंत पोचला आणि त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असंच नोंदवलं. मूत्रपिंडाच्या गाळणीचा एक विशिष्ट आजार झालेल्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत त्याचा एरवी दुर्मीळ असणारा प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये.

अशी क्रीम ओळखायची कशी? डबीवर घटकांची यादी नसते, उत्पादकाचा पत्ता किंवा परवाना क्रमांक नसतो. बऱ्याचदा ती परदेशी म्हणून हातोहात विकली जाते. "सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल तर ती डबी उघडूही नका, कारण पारा धातूला धरतो. यादी असलीच तर कॅलोमेल, मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड हे शब्द शोधा. वापरणाऱ्या बाईपुरतं हे थांबत नाही. तिच्या टॉवेलमधून, उशीतून, गालाला गाल लावणाऱ्या बाळालाही पारा पोचतो. पाय सुजणं, लघवीला फेस येणं ही लक्षणं दिसली तर क्रीमची डबी बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा.

औषध म्हणजे स्टेरॉइड. मेडिकलमधून शेजारणीनं आणलेली, "डागांवर लई भारी" म्हणून हातातून हातात फिरणारी ट्यूब असते. तिच्यात बहुधा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिहेरी मिश्रण असतं. डॉक्टर ते ठरावीक आठवड्यांसाठी देतात. महिनोन् महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ उठतं, तोंडावर केस येतात. बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. कुणी आधीच अडकलं असेल तर लाजू नये, एकदम बंदही करू नये. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू सोडवून देतात.

मग रोज करायचं काय?

ऊन टाळायचं. आपण १६-१७ अक्षांशांवर राहतो. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी इथला अतिनील निर्देशांक सर्वांत वरच्या, "तीव्र" पायरीवर असतो. पावसाळ्यातल्या ढगांतूनही किरण बरेच उतरतात, आणि रंग गडद करणारे किरण गाडीच्या काचेतूनही येतात. कोल्हापुरातल्या मुली गाडीवर बसताना डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, ती सवय उत्तम आहे. घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ पातळ ओढणीपेक्षा जास्त अडवतो. ऊसतोडीला, भांगलणीला जाणाऱ्या बायका डोक्यावरून पदर आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तेही शहाणपणाचंच.

सनस्क्रीनवरचा एसपीएफ ३० म्हणजे भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडतात, ५० म्हणजे ९८ टक्के. फरक थोडा. पण दोन्ही आकडे पुरेसं लावलं तरच खरे. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर काढलेल्या दोन रेघा एवढं लागतं, आणि उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. बहुतेकजणी याच्या चौथाई लावतात आणि "मला फरक पडत नाही" म्हणतात.

डाग फिकट करायचेच असतील तर नियासिनामाइड हा सौम्य पर्याय आहे. जीवनसत्त्व ब३ चं हे रूप रंगपेशींकडून पुड्या पुढं जाण्याचं काम मंदावतं. अझेलेइक आम्लही चांगलं आहे आणि गरोदरपणात डॉक्टर जे थोडे उपाय देतात त्यात ते मोडतं. कशानंही फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, कारण तळाच्या पेशी वर यायलाच महिना लागतो. नवं काहीही आधी कानामागं किंवा कोपराच्या आत लावून दोन दिवस बघायचं. लग्नाच्या आधीच्या पंधरवड्यात तर नवं काहीच सुरू करायचं नाही. पंधरा मिनिटांचा दह्या-मधाचा लेप लग्नाच्या सकाळी लावलात तर ती काही तासांची चमक अगदी वेळेवर कामी येईल.

जे डाग लेपाचे नाहीत

गालांवर, कपाळावर दोन्ही बाजूंना सारखे येणारे तपकिरी पट्टे म्हणजे वांग. गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या आणि ऊन ही त्याची मुख्य कारणं. चुलीपुढची, गुऱ्हाळातली धगही ते वाढवू शकते. वांगाला दिसणारा प्रकाशही गडद करतो, म्हणून त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं.

मानेच्या मागं, काखेत मखमलीसारखी जाड, काळपट त्वचा असेल तर ती घासून निघणार नाही. आया मुलींना "मान नीट धूत नाहीस" म्हणून रागावतात, दगडानं घासायला लावतात. तो मळ नाही. बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते, पुढं मधुमेहाकडं जाऊ शकणारी. त्या मुलीला रागावण्याऐवजी तिची साखर तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर टिकलीचा गोंद बंद करायचा. त्यातल्या एका रसायनानं रंगपेशी मरतात. कुंकवाच्या जागी खाज येऊन काळं पडलं तर ती ॲलर्जी.

आणि अंगावर कुठंही फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथं स्पर्श, गरम-गार कळत नसेल, तर त्यावर काहीही न लावता थेट सरकारी दवाखान्यात दाखवायचं. तो कुष्ठरोग असू शकतो. वेळेवर औषध घेतलं तर तो पूर्ण बरा होतो आणि औषध मोफत मिळतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचेच्या विभागात दाखवता येतं, गावाकडं प्राथमिक आरोग्य केंद्रात.